निवलेला चहा

६ जानेवारी

ती. ताईस,
टिल्लूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. गोदीत एक म्हातारं मालवाहू जहाज दुरुस्तीला आलंय. त्याच्या तळाची गंजून चाळण झालीय, त्यामुळे आम्हा वेल्डरांना मान वर करायची फुरसत नाही. दहाचा भोंगा झाला की पत्र्याच्या शेडमध्ये चहा, तेवढीच काय ती चैन.

इतक्या देशांची माणसं एका किटलीवर कशी भागवतात, असं तू विचारलं होतंस. भागवत नाहीत. उकळतं पाणी तेवढं सामाईक. उत्तरेकडचा फिटर साखरेचा खडा दातात धरतो आणि काळा कडू चहा त्यावरून ओढून घेतो. क्रेनवाला बोटभर ग्लासात पुदिना टाकून हातभर उंचीवरून धार सोडतो. एकच ग्लास घेऊन उठलं तर त्याला राग येतो, तीन घ्यावेच लागतात. पहाडी सुतार चहात मीठ आणि लोणी घालतो. त्या चहाला मी चुकून सूप म्हणालो, तर गडी आठवडाभर बोलला नाही.

मी हल्ली म्हाताऱ्या रंगाऱ्याशेजारी बसतो. तो चहा बशीत ओततो, पार निवू देतो, मग घोट घोट घेतो. त्यात पाव बुडवून लगदा करून खातो. मलाही तीच सवय लागली आहे. बत्तिशी शाबूत असताना बोळक्यासारखा काय खातोस, म्हणून तुझी भावजय वैतागते.

माया आहे तेवढी राहू दे, जास्त झाली तरी हरकत नाही.
तुझा,
टिल्लू

१९ जानेवारी

चि. टिल्लूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बांधणीखात्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. पानं शिवणाऱ्या दोघी इतक्या हसल्या की त्यांचे टाके चुकले. मग सगळ्या कामाला लागल्या आणि मी खळीचा ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले.

तू चहा निववून पितोस? आपल्या घरात आचेवरून उतरलेला चहा थेट तोंडाला लावणारी दोनच माणसं, आधी बाबा आणि मोठेपणी तू. तुझ्या जिभेला आतून चामडं लावलंय, असं आई म्हणायची. एवढ्या वर्षांची खोड रंगाऱ्याच्या संगतीनं सुटत नसते.

मला सरळ सांग. गिळताना अडकतं का? छातीच्या मागे घास थांबल्यासारखा वाटतो का? कपडे सैल झालेत का? बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि मी एकोणीस. तुला आठवत नसेल, मला आठवतं. त्यांचंही आधी पाव बुडवून खाणं सुरू झालं होतं.

उलट टपाली लिही. जीव टांगणीला लागला आहे.
तुझ्यावर डोळे लावून बसलेली,
ताई

३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पण ना, कशाचं काय करून ठेवतेस. माझी दाढ दुखते आहे, एवढंच. गरम लागलं की ठणका बसतो, म्हणून चहा निववतो. जहाजाचं काम उरकलं की काढून टाकीन.

तोवर नवीन ऐक. बेटावरचा एक इंजिनियर आलाय. तो हिरव्या पानांची पूड वाटीत घेऊन बांबूच्या कुंचल्यानं घुसळतो आणि फेस आला की दोन्ही हातांनी वाटी उचलतो, पिताना कुणाशी बोलत नाही. फिटर त्याच्यापुढे साखरेचा खडा चावतो, तेव्हा इंजिनियर डोळे मिटून घेतो. स्वयंपाकी आहे तो आधी दूध ओततो, मग चहा. उलटं केलं तर म्हणे चव बिघडते. यावरून शेडमध्ये दोन तट पडलेत.

पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडलंय, पण ते कामामुळे. काळजी सोड आणि लोभ तेवढा धर.
तुझा,
टिल्लू

७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
भावजयीचा नमस्कार वि. वि.

हे पत्र मी धुलाईघरात इस्त्रीच्या टेबलावर लिहिते आहे. ह्यांना ठाऊक नाही. तुम्हाला काही कळवायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं आहे.

दाढ वगैरे काही दुखत नाही. हे माझ्याकडे पाठ करून, ओट्याशी उभे राहून जेवतात. मध्येच नळ सोडतात. आधी मला वाटलं हात धुतात. परवा मी मागून गेले तर नळ वाहत होता आणि हे वाकून, ओट्याची कड धरून उभे होते. घास खाली जाईना आणि वर येईना. माझ्याकडे पाहिलं ते डोळे मी याआधी कधी पाहिले नव्हते. नंतर म्हणाले की ठसका लागला. पॅन्टच्या खिशात रुमालात गुंडाळलेला चावलेला पाव सापडतो. धुलाईचं काम माझं, माझ्यापासून काय लपणार.

मी डॉक्टरांचं नाव काढलं की घराबाहेर पडतात. मला फार भीती वाटते. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. मी लिहिलं म्हणून रागावले तर रागावू देत.

तुमचा हात पाठीवर असू द्यावा.
तुमची,
भावजय

१६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

तुझ्या बायकोनं मला सगळं कळवलं आहे. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

आता मी कधी कुणाला न सांगितलेलं सांगते. बाबांनीही दाढच सांगितली होती. हाच शब्द. एकदा दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर ते ताटातलं अन्न कागदात बांधत होते. त्यांनी मला शपथ घातली की आईला सांगू नकोस, उगाच घाबरेल. मी पाच महिने गप्प बसले. रोज त्यांना बारीक होताना बघितलं आणि आईसमोर हसून बोलले. आईला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. मी तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं, हा विचार एकोणचाळीस वर्षं माझ्या मानगुटीवर बसला आहे. बाबांचा रागही तितकाच येतो.

तुझ्या बायकोनं जे केलं ते मला जमलं नाही. जहाज दुसरा कुणीतरी जोडेल. उद्या सकाळी हॉस्पिटलात जा. तिला बरोबर ने. मी हात जोडते.

ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला तारेसारखे चार चार शब्द पाठवत होतो, आज बसून लिहायची ताकद आली.

घशातून नळी घालून पाहिलं त्या दिवशी डॉक्टरांनी तोंडानं काही सांगायच्या आधी दार लोटून घेतलं. तेव्हाच मी समजलो. अन्ननलिकेच्या खालच्या भागात गाठ होती, सुपारीएवढी. मार्चमध्ये तेवढा भाग काढून जठर वर ओढून जोडलं. आजूबाजूच्या ग्रंथी तपासल्या, त्यात रोग पसरलेला नाही. दोन महिने उशीर झाला असता तर आपण वेगळं बोललो असतो, असं डॉक्टर म्हणाले. उकळत्या चहानंच झालं का, ते कुणी खात्रीनं सांगत नाही. पण तशी सवय बरी नव्हे, हे चांगलं दोनदा ऐकवलं.

ताई, मी घाबरलो होतो. दुखण्यापेक्षा नाव ऐकायला घाबरलो होतो. नाव नाही तोवर रोग नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. ऑपरेशनला आत नेताना बायकोचा हात सुटेना, तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली की तिला सगळं आधीपासून माहीत होतं.

एक राहिलं. बाबांचं आणि माझं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, भावंडं किती. एक थोरली बहीण, म्हटलं. तिनंही एकदा तपासून घ्यावं, असं त्यांनी निक्षून सांगितलंय. टाळू नकोस.

तुझी माया पुरून उरली, अजून लागेल.
तुझा,
टिल्लू

२ मे

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

गेले होते. आधी ते सांगते, मला काही नाही. नळी घालून नीट पाहिलं, सगळं स्वच्छ आहे.

पण तुझं पत्र आल्यावर मी अकरा दिवस काही केलं नाही. तुला हुकूम सोडणारी मी, घास घेतला की खाली उतरतो का ते बघत बसायची. शेवटी कागदाचे नमुने बघायला जाते, असं बांधणीखात्यात खोटं सांगून निघाले. हॉस्पिटलात बाकावर बसले. नर्सनं विचारलं, घरच्या कुणाला कळवायचं. कुणाला काही कळवू नका, असं मी पटकन म्हणून गेले. नर्सनं दुसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा उठले. बाबांवरचा राग मी त्या बाकावर कुठे सोडून आले, कळलं नाही. घाबरलेला माणूस होता रे. आपल्याला भिववायचं नव्हतं त्याला.

नऊ तारखेला दुपारच्या बसनं येते आहे. स्टँडवर यायची धडपड करू नकोस, घर मला सापडतं. माझ्यासाठी काही वेगळं करू नका. तू ओट्याशी नाही, माझ्यासमोर बसून जेव. मला तेवढं बघायचं आहे.

दोघांना जवळ घेऊन,
तुझी,
ताई