मायचा रोज सोमवार

६ जानेवारी, मंगळवार
मायचं डोकं आजपासून मी हातात घेतलं. गायत्रीवहिनी फोनवर म्हणाली, माय विसरते, अंगानं पण उतरलीय. घाबरायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघितला. मेंदूत काही प्रोटीन राखण करतात, शेतात राखणदार असतो तसे. खाणं चांगलं असलं तर त्यांना बळ मिळू शकतं. व्हिडिओतला डॉक्टर ‘शकतं’ म्हणाला. मी ‘मिळतं’ धरलं.
वहिनीला मेसेज: अक्रोड, डाळ, पालेभाजी. महिन्यात फरक.

७ जाने.
अक्रोड शिरपूरच्या बसवाल्याकडे दिले. मेंदूसाठी माझा पण तंबाखूचा मावा बंद.
संध्याकाळी: एकच मावा खाल्ला. त्याच्याशिवाय कापडाच्या लूमवर झोप येते.

९ जाने., शुक्रवार
माय काहीच खात नाही. रोज म्हणते आज सोमवार. मी सुरतला आलो तेव्हापासून ती माझ्यासाठी सोमवार धरते. आता वार विसरली, उपास नाही विसरली. चुकू नये म्हणून रोजच धरते. दिवसभर नुसता चहा.
वहिनी म्हणाली, “भाऊजी, तुमचे राखणदार उपाशी मरतील.”
तिला सायन्स कळत नाही.

१० जाने.
नवा प्लॅन. मायला कॅलेंडर दाखवायचं. वहिनीनं दाखवलं. माय म्हणाली, छापणारा चुकला.
रूमवरचा राकेश म्हणतो, गावी जा. लूम कोण बघेल? इथं सुरतेत, बमरोलीतून सगळं होतं.

१२ जाने.
आज खरंच सोमवार. म्हणजे मायचं बरोबर आलं. सुधारणा आहे. वहिनीला तसं सांगितलं. तिनं फोन कट केला.
दुपारी तिचाच फोन. मायला मोरीत चक्कर आली. डॉक्टर म्हणाला, पोटात अन्न गेलं नाही तर अवघड आहे. नंतर लूमवर माझे धागे सारखे तुटत होते.

१४ जाने.
उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. कारखाना बंद. निघालो. एकदम सोपं आहे. उपास माझ्यासाठी, मीच समोर उभा राहिलो की सुटला.

१५ जाने., गुरुवार
काल पोचलो. पाया पडलो. मायनं वहिनीला विचारलं, हा कोण. मी म्हटलं, मी योगराज, उपास सोड. म्हणाली, योगराज सुरतला आहे, तो आला की सोडेन. रात्रीही ताट तसंच.
थकवा असेल. सकाळी ओळखेल.
सकाळी पण नाही.
मग गोठ्यामागं जाऊन वहिनीच्या मोबाइलवर फोन लावला. वहिनीनं तो मायच्या कानाला धरला. “माय, मी योगराज. गावात पोचलो. जेव आता.”
आवाज लगेच ओळखला. जेवली. भाकरी, डाळ, वर अक्रोड. मी भिंतीआडून बघत होतो. घास खाता खाता हळू आवाजात फोनवर म्हणाली, “भाऊ, बिगीन ये. घरमा एक माणूस येयेल शे. मना ताटकडे देखस.”
मी म्हटलं, काढतो त्याला घरातून.
सुरतची चारची बस आहे.