काचेआडून बाबा

दादा,

आज ‘प्रिय’ लिहवत नाही. हे पत्र पाठवणारही नाही, नाहीतर सभेत वाचून दाखवशील.

लॉकडाऊनमध्ये बाबांच्या वृद्धाश्रमातल्या भेटी बंद झाल्या, ते इथे नोकरी करूनही मला पटलं नव्हतं. पण काचेतून भेटता येत होतं ना? ‘मी काय कैद्याला भेटायला येऊ?’ म्हणून तू हटूनच बसलास. बाबा मात्र रोज केस विंचरून खिडकीशी बसायचे.

काल तू लॉकडाऊनविरोधी मोर्चा घेऊन नेमका त्याच खिडकीखाली आलास. आमच्याकडे पाठ करून भोंग्यातून ओरडत होतास, “डॉक्टरांना फासावर द्या!” डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

बाबांना कानाशी बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. त्यांनी हरखून विचारलं, “काय म्हणतोय गं?”

“तब्येत विचारतोय,” मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

ते काचेवर थापा मारत ओरडले, “बरा आहे रे! तू जेवलास का?”

अजून तरी तुझीच,
धाकटी