तीस मोजून चालू करा

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला हातभर जागा. घर मनात भरलं. वर घरमालकीणबाई राहतात. किल्ली देतानाच त्यांनी बजावलं की भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही, आणि थोड्या वेळाने स्वतःच हातोडी आणून दिली. चपलांच्या कपाटावर आधीच्या भाडेकरूचा राउटर आहे, तोच वापरा म्हणाल्या. जिन्यांचे नकाशे तपासायचं माझं काम घरूनच चालतं, इंटरनेट असलं की झालं. बायकोच्या नोकरीचा राजीनामा महिनाअखेर मंजूर होईल, मग ती आणि आमची लेक चिमणी येतील. चिमणी चार वर्षांची, अजून अक्षरओळख नाही, पण फोनवरून हुकूम सोडते. खिडकीजवळची जागा तिला हवी आहे. दिली.

५ फेब्रुवारी

नेट म्हणजे डोक्याला ताप. एक नकाशा उतरायला अर्धा तास! राउटर फ्रिजपासून लांब नेला, वायर बदलली, पासवर्ड बदलला, अँटेना चारी दिशांना फिरवून पाहिला. शेवटी हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाई फारच गोड. म्हणाल्या, बंद करा, तीस मोजा, चालू करा. केलं. तासभर पळालं, पुन्हा तेच. दिवसभरात सहा वेळा तीस मोजले. एकदा तर आधी ओतून ठेवलेला वाफाळता चहा मोजणं संपेपर्यंत पार गार, वर साय धरलेली. माझंच लक्ष नसतं, दुसरं काय.

९ फेब्रुवारी

व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेब भडकले. त्यांच्या प्रश्नाला मी चाळीस मिनिटांनी उत्तर दिलं म्हणे. मधे फक्त एकदा राउटर बंद करून तीस मोजले होते, तेवढंच! कंपनीच्या नावाने बोटं मोडली आणि मेकॅनिकला बोलावलं. त्याने तपासून सांगितलं की लाइन ठणठणीत आहे, तक्रार कसली करताय. जाता जाता मात्र चाचरला. म्हणाला, अकरापासून बेल वाजवत होतो. खिडकीतून तुम्ही दिसत होता, राउटरच्या बटणावर बोट ठेवून उभे. दार उघडलंत तेव्हा एक वाजला होता.

मी तीस मोजत होतो. एकोणतीसला बेल ऐकली आणि लगेच उघडलं.

नेट मागे पडत नाहीये. मी पडतोय.

१० फेब्रुवारी

माझ्या हिशेबाने दहा. राउटर काढून घरमालकीणबाईंना नेऊन दिला, तर त्या म्हणाल्या, इतके दिवस होतात कुठे, आज सतरा तारीख. मेकॅनिक गेल्यावर न राहवून एकदाच तीस मोजले होते. त्यात आठवडा गेला.

आता राउटर घरात नाही, तरी थांबत नाहीये. बसस्टॉपवर गेलो. बस आली, पाय उचलला, तोवर गेलेली. दुसरीही. तिसरीही. लोक बोलतात त्याची नुसती किरकिर ऐकू येते. घरी परतून बायकोला फोन केला. हॅलो म्हणेपर्यंत काहीतरी चिरकलं आणि कट. मेसेज लिहायला घेतला, येऊ नकोस. लिहिता लिहिता तिचेच अठरा येऊन पडले. शेवटचा: आम्ही स्टेशनवर उतरलो.

तारीख माहीत नाही

बेल वाजली. धावलो. दारात कोणी नाही. वळलो तर घरात बॅगा. दाराशी बायकोच्या चपला, शेजारी चिमणीचे बूट. त्या इथेच आहेत! गालाला ऊब लागते, दिसत कोणी नाही. टेबलावर बायकोची चिठ्ठी: डॉक्टर येऊन गेले, नाडी आहे म्हणाले. दारातून वळायला तुला दोन दिवस लागले. पापणी मिटायला अख्खी सकाळ जाते. आम्ही कुठे जात नाही, घाबरू नकोस.

घाबरलोय. खूप घाबरलोय गं. हे वाचतेस ना—

नंतर

चिठ्ठी बदलली. मोठी, वाकडी अक्षरं. बाबा मी लिहायला शिकले. कधी? आत्ताच तर आली—

शाब्बास लिहायला घेतलं. पहिलं अक्षर होईपर्यंत कागद पुन्हा नवा. आता सुबक अक्षर. बाबा, मी पहिली आले. बक्षीस तुझ्यासमोर तीन दिवस धरून ठेवलं होतं, पाहिलंस का?

नाही दिसलं गं. नाही—

दाराशी आता एकच जोड. चिमणीचा नाही, बायकोचाही नाही. मोठ्या बाईमाणसाचा. बायकोच्या चपला कुठे—

नवी चिठ्ठी. अक्षर थरथरतंय.

बाबा, आईला जाऊन आज वर्ष झालं. शेवटी तुझा हात तिच्या हातात दिला होता, तेवढं तरी कळलं का? आता माझेही गुडघे गेले. मुलं म्हणतात हे घर सोड, आमच्याकडे ये. त्यांची जागा लहान आहे. तुला कुठे ठेवू?

चिमणे, मी लिहितोय. थांब. जाऊ नकोस. मला तुझ्याजवळ ठे—