आठांपैकी कोणतं

स्मृति नगर, भिलाई
१२ जानेवारी २०२४

प्रिय चंदा,
अनेक आशीर्वाद. अरुणकुमारांना नमस्कार. तुम्हा दोघांची तब्येत बरी असेल. इथे थंडी आहे, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

आपल्या दामिनीचं लग्न ठरलं. मार्चमध्ये आहे. पोरगी अजून वकिलीच्या परीक्षेतच गुंतली आहे. परवा मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि ती जुन्या शास्त्रातले लग्नाचे आठ प्रकार पाठ करत होती. ब्राह्म, दैव, आर्ष... मध्येच थांबली.

"आई, चंदामावशीचं कोणतं वं?"

"गांधर्व. दोघांच्या मर्जीचं."

"मंग आजोबा राक्षस कावून म्हणत? त्याच्यात तं पोरीले जबरदस्तीनं उचलून नेतात. मावशीले काय पोत्यात भरून नेलं होतं?"

ती हसली. मला हसता आलं नाही.

तिच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. गुरुजी म्हणतात, कन्यादानाला जोडपं हवं. माझे मोठे दीर-जाऊ तयार आहेत. पण दामिनीचा हट्ट, "मावशी न् मावसाजीच बसतील, नाही तं कोनीच नाही." मलाही तुम्हीच हवे आहात. ते मागण्याआधी एक सांगायचं आहे.

चाळीस वर्षांपूर्वी घर सोडताना तू आपल्या बाबांसाठी वहीचं एक पान ठेवलं होतंस. 'मी माझ्या मर्जीने जाते आहे. अरुणने मला नेलं नाही, मीच त्याला बोलावलं.' असं पान घरात सापडलंच नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते मला सापडलं होतं. माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. पळून गेलेलीची बहीण म्हणून ते मोडेल. पळवून नेलेलीची म्हटलं तर लोक निदान दया करतील, असं वाटलं. शाळेत बक्षीस मिळालेल्या पुस्तकात मी ते पान दडवलं.

बाबांनी साऱ्या रेल्वे कॉलनीत अरुणकुमारांना राक्षस ठरवलं आणि तेच मनात घेऊन गेले. त्यांच्या तेरवीला तुम्ही दोघं फाटकावरूनच परत गेलात, तेव्हा मी आत पंगतीत वाढत होते. तुम्हाला पाहिलं होतं मी.

पान सोबत ठेवलं आहे. घडीवर विरलंय, पण तुझं अक्षर अजून वाचता येतं. दामिनीलाही काल दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

रविवारी सकाळी पत्रिका घेऊन नंदिनी नगरला येईन. हाक मारणार नाही. या वेळी फाटकाबाहेर मी उभी राहीन.

तुझी, म्हणू देशील तर,
भामाताई