उणे एकवरचा ऑक्सिजन

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काल दुपारी कुरकुंभला कंपनीत तुमच्या फळ्यापुढे उभी असल्यासारखं वाटलं. शिरूरला अकरावीत तुम्ही मला हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या ऑक्सिजनचा ऑक्सिडेशन नंबर काढायला उठवलं होतंत. ऑक्सिजन उणे दोन, एवढंच मला पाठ. बेरीज शून्य यावी म्हणून मी हायड्रोजनला अधिक दोन करून टाकलं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "शून्य आणायला बिचाऱ्या हायड्रोजनला पिळलंस व्हय? त्याच्याकडं द्यायला इलेक्ट्रॉन एकच हाय." वर्ग हसला. मग म्हणालात, "हितं ऑक्सिजन उणे एकवर अडकलाय. त्याला तिथं करमत न्हाई. जरा घाण मिळाली की निम्मा उणे दोनवर जाऊन पाण्यात बसतो, निम्मा शून्यावर येतो आन् वायू होऊन सुटतो."

काल पेरॉक्साइडचा ड्रम फुगला. मी सगळ्यांना मागे हटवलं, लांबूनच पाणी मारायला लावलं, आणि झाकण उडालं. कुणाला लागलं नाही. शिफ्ट केमिस्ट मी, म्हणून कारणही मीच लिहायचं. लिहिलं: झाकणातलं वायू जायचं छिद्र बुजलं होतं. ते खरंच बुजलं होतं. पण मुळात वायू झाला कशानं?

चार दिवसांपूर्वी आमचे ऑपरेटर मामा बादलीत उरलेलं पेरॉक्साइड परत त्याच ड्रममध्ये ओतत होते. बादलीतली घाण आत जाते, म्हणून हे कधीच करायचं नसतं. "मामा, हे काय?"

"वाया कशाला घालवायचं मॅडम? उरल्यालं दूध पातेल्यातच वततो न्हवं?"

मी हसले आणि पुढे गेले.

मामा दौंडचे, कंत्राटावर. नाव कळलं तर गेटवरूनच परत पाठवतील. आज डब्यातली भाकरी मोडत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काय लिवलं मॅडम?" मी नुसतं "बघू" म्हणाले.

आता घरी बसून अहवाल पुन्हा लिहिला आहे. पहिली ओळ: उरलेलं परत ओतताना मी पाहिलं, थांबवलं नाही. कुणी ओतलं हे उद्या विचारतीलच आणि मला सांगावं लागेल. पण आधी माझं नाव असेल. मामांना तेवढं पुरेल का, मला माहीत नाही.

हे पत्र वहीतच राहणार. एक मात्र तेव्हा सांगितलं नाही, सर. हायड्रोजनपुढे अधिक दोन लिहिताना ते चूक आहे हे मला कळत होतं. शून्य येत होतं, म्हणून गप्प बसले.