दीड इंच

गारखेडा,
१९ डिसेंबर १९९३

ती. मल्हारीमामांस बानाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. टायर गुळगुळीत झालेत, नवे परवडत नाहीत, तर भाड्याची गाडीच विकावी का, असं विचारलंत. विकू नका. मागच्या रविवारी मी गाडी मोजून घेतली आहे. पंधराऐवजी तेरा इंची चाकं बसतील. त्यांचे टायर उस्मानपुऱ्यात कधीही मिळतात आणि बरेच स्वस्त. बोल्टची भोकं जुळतात, ब्रेकला अडत नाही. चाक लहान झाल्यामुळं मीटर पन्नास दाखवेल तेव्हा गाडी खरी चव्वेचाळीसवर असेल, एवढं ध्यानात ठेवा.

वाळूजच्या कारखान्यात मी दिवसभर परक्यांचे सुटे भाग मोजते. घरची गाडी मोजताना बरं वाटलं. मामींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.

तुमची भाची,
बाना

खुलताबाद,
१८ जानेवारी १९९४

चि. बानास मामाचे अनेक आशीर्वाद.

चाकं बसवली. गाडी बुटकी दिसती. मामी म्हणली, तुमच्या शेजारी शोभती. चावडीवर सगळ्यांना सांगितलं, भाचीनं कागदावर गणित मांडून गाडी वाचवली.

पण परवा वाईट झालं. विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं आन् विरोधातल्या लोकांनी सडकेवर दगड लावले. त्यातच भीमनगरातल्या राजाबाईला कळा सुटल्या. तिची सासू पारूबाई हात जोडत आली. सडकेनं गेलो असतो तर कोण, कुठली, असं विचारलं असतं, म्हणून शेतातली गाडीवाट धरली. मधल्या उंचवट्यावरचा दगड खाली लागला, तेलाचं चेंबर फुटलं, इंजिन जाम. भर उन्हात दोन तास बाई तिथंच तळमळली. मग धोंडिबाची बैलगाडी आली. दवाखान्यात पोरगी झाली. दोघी जगल्या, पण राजाबाईचं रक्त लई गेलं, अजून उठवत नाय.

पारूबाईला मीच म्हणलं, चूक माझी. तीस वर्षं त्या वाटेनं गेलो, कधी खडा लागला नाय. हाताचा अंदाज गेला, बाना. गाड्यांचा दलाल कडूबा, त्याला चावी दिली, गिऱ्हाईक बघ म्हणलं. तुझ्या गणिताचा काय दोष नाय.

मामीचा आशीर्वाद. येत जा.

मल्हारीमामा

गारखेडा,
२२ जानेवारी १९९४

ती. मामांस नमस्कार.

तुमचा अंदाज चुकला नाही. लहान चाकांमुळं गाडी दीड इंच खाली आली होती. तीस वर्षं जो दगड पोटाखालून निघून जायचा, तो या वेळी लागला.

हा दीड इंच मी त्या रविवारीच वहीत लिहिला होता. पत्रात लिहिला नाही. विसरले नव्हते. तुम्ही शेतवाटांनी जाता हे मला ठाऊक होतं, आणि दीड इंच कळता तर तुम्ही ती चाकं घेतली नसती. घरात पहिल्यांदाच कुणी मला विचारून काही ठरवत होतं. माझं उत्तर परत यायला नको होतं.

वहीचं पान सोबत पाठवते. जिथं माझं कौतुक केलंत, त्याच चावडीवर ते वाचून दाखवा. राजाबाईला मी स्वतः सांगेन, पुढच्या रविवारी येऊन. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन.

कडूबाकडून चावी मागून घ्या. जुनी चाकं गोठ्यात असतील, ती पुसून ठेवा. टायर मी आणते, इंजिनाचा खर्चही माझा.

या खेपेला माया मागत नाही. गाडी तुम्हीच चालवा.

बाना