उजवा ब्रेक

भेस्तान, सुरत
शुक्रवार, १२ जानेवारी २०२४

प्रिय धर्माभाऊ,

सचिन गावाला प्लॉट सपाट करायचं काम चालू होतं, तेव्हा मी दुपारी डबा घेऊन यायची. तुम्ही तो पितळी डबा इंजिनाच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवायचात आणि आपण तिघं बुलडोझरच्या चेनवर बसून जेवायचो. कळण्याची भाकरी आणि भरीत. तुमच्या दादांना भरीत कढत लागायचं, मला गार. माझ्या वाटणीचं तुम्ही डबा तापायच्या आधीच झाकणात काढून ठेवायचात, कुणी न सांगता. आज जेवताना ते आठवलं आणि हात धुऊन कागद घेऊन बसले.

तुम्ही सगळे खुशाल असाल. कविताचे गुडघे कसे आहेत? आमची धनश्री बडोद्याला मजेत आहे. इथे गच्च्यांवर आतापासूनच पतंग आणि भोंगे चालू झालेत. तुमचे दादा आत झोपलेत. बरे आहेत.

फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं सगळं त्यांना ऐकू जातं. शिवाय आमचा नंबर तुम्ही उचलत नाही. शाळेत सिस्टर म्हणायच्या, जे तोंडाने निघत नाही ते सुवाच्य अक्षरात लिहावं. शेजारच्या पुष्पाबाई संध्याकाळी कडोदऱ्याला लेकीकडे निघाल्यात. त्या हे तुमच्याच हातात देतील.

मशीन जिथे उभं आहे ती जागा विकली गेली. उत्तरायण झालं की रिकामी करून द्यायची. त्या गल्लीत क्रेन शिरत नाही. मशीन आपल्या चेनवर बाहेर आलं तर ठीक, नाहीतर भंगारवाला जागेवरच गॅसने कापणार. आणि त्याचा क्लच चिकटलाय.

धुडकू मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि मला विचारलं, "भाभी, मशीन शेडमध्ये. मग ह्याच्या पोटात पाणी कुठून आलं?"

मी खरं ते सांगितलं. काम बंद झालं तरी आमची खंडेनवमी बंद झाली नव्हती. दरवर्षी पाइप लावून आंघोळ, वर नारळाचं पाणी, हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, म्हणून सुरू करायचं नाही. आणि एरवी चालवायला काम नव्हतं. चार वर्षं पूजेचं पाणी फटीतून आत मुरत राहिलं आणि प्लेट गंजून बसली.

"देवाला एवढं न्हाऊ घातलं असतं भाभी, तर तोही गंजला असता," धुडकू म्हणाले. तुमचे दादासुद्धा हसले. बऱ्याच दिवसांनी.

डिझेल ओतून भिजत ठेवलं, लाकडाने ठोकून पाहिलं, सुटेना. मग राहिला जोराचा उपाय. तुम्हाला तो ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे मला कळलंय हे तुम्हाला कळेल. क्लचचं पेडल दाबून त्यात ओंडका अडकवायचा. गिअर टाकून इंजिन चालू करायचं. क्लच चिकटलेला, त्यामुळे मशीन तत्क्षणी चालू लागतं. तेव्हा दोन्ही पायांनी दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबायचे. चेन थांबली आणि इंजिन ओढत राहिलं की प्लेट तडकन सुटते. नाही सुटली तर तार ओढून डिझेल बंद.

काल तो उपाय केला. दादाच वर बसले. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बसवा. तर अहिराणीत आले, म्हणजे वाद संपला: "मना मशीनवर मीच बससू." धुडकूंना चेनचं मशीन चालवता येत नाही आणि त्यांना खाली क्लचवर नजर ठेवायची होती.

इंजिन लागलं. मशीन उडी मारून निघालं आणि सरळ न जाता डावीकडे वळलं. डावीकडे लूमवाल्यांच्या खोल्या आहेत. तिथे राहणारी अनुसया दारात गव्हाचं सूप घेऊन बसलेली. धुडकू ओरडत होते, "दोन्ही दाबा भाऊ, दोन्ही दाबा." मी चेनच्या बाजूने वर चढून तार ओढली. कशी चढले, विचारू नका. मशीन थांबलं तेव्हा पुढचं पातं खोलीच्या भिंतीत घुसलं होतं. अनुसयाला काही झालं नाही. तिने उठून सांडलेले गहू भरायला घेतले.

दादा म्हणाले, "उजवा ब्रेक धरत नाही." धुडकूंनी संध्याकाळपर्यंत तो ब्रेक खोलला, पट्टा पाहिला, पुन्हा बसवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाभी, ब्रेकमध्ये काही खराबी नाही."

भाऊ, मला ते आधीच ठाऊक होतं. मघाशी 'बरे आहेत' असं लिहिलं ते खोडत नाही, पण ते खरं नाही. श्रावणात त्यांना लकवा झाला. तोंड सुधारलं, हात सुधारला. उजव्या पायात जोर आला नाही. लुंगीत कळत नाही. कुणाला, आणि तुम्हाला तर मुळीच, सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ती आज मोडली.

क्लच अजून चिकटलेलाच आहे, म्हणून उद्या सकाळी चहा झाला की ते पुन्हा बसणार आहेत. अनुसयाच्या घरच्यांना मी दोन दिवस समोरच्या गल्लीत राहायला विनवलं, पण तिची सासू खाट सोडत नाही.

सचिनच्या साइटवर, एवढ्या मजुरांदेखत त्यांनी तुम्हाला हात धरून सीटवरून उतरवलं. तुम्ही म्हणालात, आता दादांनी बोलावल्याशिवाय ह्या मशीनला पाय लावणार नाही. ते बोलावणार नाहीत. त्यांना बोलवायचंय, हे मी शपथेवर सांगते. काल अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले, "धर्माचा पाय भारी होता. एका पायात मशीन उभं करायचा." त्यालाच बोलावणं समजा. सकाळी सहज आल्यासारखे या. तुम्ही आलेले दिसलात तर ते ओरडतील, पण सीटवर चढणार नाहीत. तुमच्यासमोर चढताना पाय ओढावा लागेल, आणि ते त्यांना चालणार नाही.

तुम्ही नाही आलात, तर मी बसणार आहे. त्यांच्या आधी उठून. त्या दिवसांत रविवारी सचिनच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांनीच मला चालवायला शिकवलं होतं. माझे दोन्ही पाय पुरतात, आज बसून पाहिलं. धुडकूंनी ओंडका आणि तार दोन्ही दाखवून ठेवलंय. आधी ते नाही नाही म्हणत होते.

तेव्हा एवढं लिहून ठेवते. पाटल्या धनश्रीला. शिलाई मशीन पुष्पाबाईंना, त्या नको म्हणतील, तरी द्या. इंग्रजी पुस्तकं अनुसयाच्या पूजाला, ती बारावीला आहे आणि वाचते. भिंत आधी बांधून द्या, बाकी सगळं नंतर. लोखंडी मशीन सुटलं तर ज्याला चालवता येईल त्याला.

आणि तुमचे दादा तुम्हाला. जिना उतरताना उजव्या बाजूने चालायचं. हात धरायचा नाही, कोपराजवळ नुसता ठेवायचा, आणि बोलत राहायचं.

तुमची वहिनी,
सुषमा